सायकलला घरटं लागलंय, तोवर लिहून टाकते: पुण्यात नदीकाठची निवांत सायकल आणि परसातले पाहुणे

माझी सायकल सध्या बंद आहे. पंक्चर नाही, चेन तुटलेली नाही, गुडघा दुखत होता म्हणून दोन आठवडे मागच्या पडवीत भिंतीच्या हुकाला टांगून ठेवली होती आणि तेवढ्यात शिंजिराच्या मादीनं ब्रेकच्या वायरला घरटं बांधलं. शिंजीर म्हणजे तो एवढासा सूर्यपक्षी, जास्वंदीवर येतो तो. कोळ्याचं जाळं, वाळकं गवत, झाडाची सालपटं आणि आमच्याच पायपुसण्याचा एक निळा दोरा, असं सगळं गुंफून लांबुळकी पिशवी केलीय आणि दारावर छोटीशी पडवीसुद्धा काढलीय बाईनं. म्हणजे आता अंडी, मग पिल्लं, धरून चला महिनाभर सायकलला हात लावायचा नाही.

मग म्हटलं बसल्या बसल्या लिहून काढावं, कारण गल्लीतल्या तीन-चार जणींनी विचारलंय की तू रविवारी सकाळी जातेस कुठे आणि एवढा वेळ करतेस काय. तर हे रमतगमत जाणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना सिंहगडाचा घाट चढवायचाय, ॲव्हरेज स्पीड मोजायचाय, त्यांना इथूनच रामराम, अगदी प्रेमानं सांगतेय. माझा स्पीड ताशी दहा-बारा, आणि निम्मा वेळ मी पक्षी बघत थांबलेलीच असते.

सायकल कुठली

माझी पहिली सायकल चुकली. दुकानदारानं एकवीस गियरची, पुढे शॉकॲब्सॉर्बरवाली गळ्यात मारली, तिला ना मडगार्ड ना कॅरियर ना स्टँड, वर म्हणाला मॅडम प्रो मॉडेलला स्टँड येतच नाही. सहा महिन्यांत मी दोनच गियर वापरले, आणि खंड्या दिसला रे दिसला की आधी सायकल टेकवायला झाड शोधायचं, तोवर खंड्या पसार. नदीकाठी झाड म्हणजे बहुतेक वेळा बाभूळ, तिला सायकल टेकवून बघा एकदा, मग कळेल.

त्यामुळे माझ्या मते पहिली गोष्ट स्टँड. दुसरी मडगार्ड, नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन घरी याल. मग कॅरियर, घंटी आणि मागे लाल दिवा. हँडल उंच हवं म्हणजे मान खाली घालून चालवावं लागत नाही, मान खाली असेल तर दिसणार काय, रस्त्यावरची पिचकारी? गियर नसले तरी चालतं, नदीकाठ बऱ्यापैकी सपाट असतो. जुनी घेतलीत तरी हरकत नाही, पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे पार्ट मिळून जातात. आख्खी सायकल मात्र ओळखीच्या सायकलवाल्याकडूनच घ्या, बिल मागा, चोरीचा माल नको.

सीटची उंची बहुतेकजणी चुकीची ठेवतात, पाय दोन्हीकडे आरामात टेकावेत म्हणून इतकी खाली की गुडघे छातीला लागतात आणि मग म्हणतात सायकलनं गुडघे गेले. माझं नेमकं हेच झालं होतं. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल एकदम खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पंजा पॅडलवर आला की गुडघ्याला आपोआप थोडासा बाक राहतो. सुरुवातीला भीती वाटत असेल तर त्यापेक्षा इंचभर खाली ठेवा, आठवड्यानं वर घ्या.

आता काट्यांचं. नदीकाठच्या कच्च्या वाटेवर बाभूळ आणि वेडी बाभूळ दोन्हींचे काटे पडलेले असतात आणि ते टायर बियर काही बघत नाहीत. निघायच्या आधी आणि आल्यावर जाड फडक्यानं टायर पुसत एक फेरा फिरवायचा, काटा अडकला तर कळतो. वाटेत काटा दिसला आणि हवा अजून आहे, तर तो उपटू नका. तो बूच असतो! उपटला की सूं, आणि तुम्ही मांजरी गावाच्या पुढे कुठेतरी ढकलत. तसाच ठेवून हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत पोचायचं. आमच्या नाक्यावरचे पंक्चरवाले काका म्हणतात, ताई एक ट्यूब कायम पिशवीत ठेवत जा, पॅच घरी जाऊन लावा. ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, एवढं कॅरियरवरच्या पिशवीत कायमचं. हवा किती भरायची ते टायरच्या कडेलाच छापलेलं असतं, कच्च्या रस्त्याला त्यातला खालचा आकडा धरा.

कुठे जायचं

नदीचा नकाशा आधी डोक्यात बसवा, मग सोपं जातं. मुठा खडकवासल्याकडून शहरात येते, मुळा औंध-दापोडीकडून, पवना दापोडीला मुळेला मिळते, आणि मुळा-मुठा संगमावर एकत्र होऊन बंडगार्डन, मुंढवा, मांजरी, थेऊर करत रांजणगाव सांडसला भीमेत जातात. म्हणजे शहराच्या पश्चिमेला पाणी जरा बरं, पूर्वेला आपण सगळ्यांनी मिळून केलेलं.

अगदी नवशिक्यांसाठी डीपी रस्ता, म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंत. सकाळी साडेसहाच्या आत निघालात तर मोकळा असतो, नंतर मंगल कार्यालयांची गर्दी. राजाराम पुलावर थांबून खाली बघा, ढोकरी (छोटा बगळा) हमखास. मग पूल ओलांडून विठ्ठलवाडीला, देवळात नमस्कार, घाटावर पाच मिनिटं, परत. एवढी फेरी चार-पाच रविवार केलीत तरी पुष्कळ. भिडे पुलाजवळचा नदीपात्रातला रस्ताही चांगला आहे पण तिथे पहाटेच, आणि पावसाळ्यात अजिबात नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की भिडे पूल पाण्याखाली जातो हे पुणेकराला सांगायला नको, तरी दर वर्षी कोणीतरी बघायला म्हणून खाली उतरतंच. जुलै २०२४ मध्ये नदीकाठच्या एकता नगरीत काय झालं ते आठवा, झोपेतून उठेस्तोवर पार्किंगमध्ये पाणी. जून ते सप्टेंबर निघायच्या आधी किती क्युसेक सोडलंय ती बातमी बघायची सवय लावून घ्या, आणि आकडा कितीही लहान वाटला तरी पात्रात उतरायचं नाही.

जरा पाय सुटले की पश्चिमेला. सिंहगड रस्त्यानं जाऊ नका, शनिवार-रविवारी तो रस्ता सायकलचा नाही, कांदाभजीचा आहे. एनडीएच्या (लष्करी प्रबोधिनीच्या) बाजूनं कुडजे, आगळंबे असा रस्ता आहे, खडकवासल्याच्या पाण्याच्या पलीकडच्या अंगाला. थोडे चढ-उतार आहेत, चढावर उतरून ढकला, लाज कसली त्यात. एनडीएच्या कुंपणाकडे मोबाइल, दुर्बीण रोखत बसू नका, हटकतात आणि बरोबरच आहे त्यांचं.

आणि माझी आवडती जागा म्हणजे कवडीपाट. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, नदीवर जुना बंधारा आहे तिथे. खरं सांगायचं तर पहिल्यांदा जाल तेव्हा नाकाला रुमाल लावाल. पुण्याचं सगळं सांडपाणी वाहत येतं, बंधाऱ्यावरून पडताना फेस येतो, काठावर प्लॅस्टिक, निर्माल्य, फोटोफ्रेममधले देवसुद्धा. आणि त्याच पाण्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी लडाख-तिबेटकडून आलेले चक्रवाक बसलेले, नारिंगी, राजेशाही, त्यांना आपल्या रुमालाशी काही देणंघेणं नाही. थापट्या बदकं फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरतात, हळदीकुंकू बदक आहे (चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके, नाव ठेवणाऱ्या बाईला माझा नमस्कार, बाईच असणार), शेकाट्या आपल्या लाल काड्यांवर चालत असतो, चित्रबलाक, नदी सुरय, तुतारी, धोबी. मी एकदा तिथे दुर्बीण लावून तासभर उभी होते तर म्हशी घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले, काय बघता बाई एवढं, बदकं व्हय? ती रोजचीच हायत. मी म्हटलं हो, पण मी रोजची नाही ना.

कवडीला घरापासून सायकलनं जाऊ नका मात्र. सोलापूर रस्ता ट्रकचा आहे, हडपसरपासून पुढे तर फारच. आम्ही टेम्पोवाल्याला चौघी मिळून पैसे देतो, सायकली टाकून पहाटे कवडीजवळ उतरतो आणि मग तिथून आतल्या रस्त्यांनी लोणी, थेऊर असं फिरतो. थेऊरला चिंतामणीचं दर्शन होतं आणि मागे नदीकाठी माधवराव पेशव्यांची आणि रमाबाईंची आठवण आहे, १७७२ साली माधवराव तिथेच गेले. नदी तिथेही फार स्वच्छ नाही, पण काठाला मोठी झाडं आहेत आणि सकाळी साडेसातला राखी बगळा पुतळ्यासारखा उभा असतो.

एक बारीक गोष्ट, कोणी सांगत नाही. पुण्याहून पूर्वेला निघालात तर सकाळचं ऊन सरळ डोळ्यात येतं, समोरचा पक्षी नुसता काळा दिसतो आणि समोरचा ट्रकसुद्धा नीट दिसत नाही. म्हणून जाताना पोचायच्या गडबडीत राहा, बघायचं ते येताना बघा, ऊन पाठीवर असतं आणि रंग उघडतात. बंडगार्डनच्या बाजूला रिव्हरफ्रंटचा पट्टा झालाय, एकूण ४४ किलोमीटरचा बेत आहे म्हणतात, तिथे सायकलला गुळगुळीत वाट आहे हे मान्य. पण शेकाट्याला चिखल लागतो, दगडी पायऱ्या नाही. एवढंच बोलते, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

बघायचं कसं

हे मला कळायला वर्ष लागलं. चालत्या सायकलला पक्षी फारसा घाबरत नाही, थांबलेल्या सायकलला घाबरतो. ढोकरी काठावर मातकट रंगाची मान आखडून बसलेली असते, तुम्ही पाच फुटांवरून सायकल घेऊन गेलात तरी हलत नाही, आणि ब्रेक लावलात की भर्रकन उडते आणि एकदम पांढरीशुभ्र होते, कारण पंख पांढरे आणि पाठ मातकट. मला पहिल्यांदा वाटलं होतं दोन वेगळे पक्षी आहेत. तेव्हा दिसल्यावर थांबायचं नाही. तसंच पुढे जायचं, तीस-चाळीस पावलं, मग सावकाश उतरायचं, स्टँड लावायचा, आणि तिथून मागे वळून बघायचं. घंटी वाजवायची नाही, बोट दाखवायचं नाही. मैत्रिणीला सांगायचं तर हळू आवाजात, घड्याळाच्या काट्याच्या हिशेबानं, दहा वाजता, उंबराच्या खाली.

दुर्बीण आठ बाय बेचाळीस पुरते. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, जास्त असला की पहाटेच्या अंधुक उजेडात बरं दिसतं. दहापटीची घेऊ नका, सायकल चालवून हात थरथरत असतात, चित्र हलतं. दुर्बीण गळ्यात नुसती लोंबकळू देऊ नका, पट्टा तिरपा घ्या पर्ससारखा. आवाजावरून पक्षी ओळखायला मर्लिन ॲप चांगलं आहे, फक्त मागून टेम्पो गेला की तेही गोंधळतं. आणि पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलवायचं ते फोटोवाले करतात तसं करू नका. त्याला वाटतं घरात दुसरा कोणी शिरलाय, सगळी कामं टाकून भांडायला येतो बिचारा.

फेब्रुवारी-मार्चनंतर जलपर्णी वाढते आणि नदी हिरव्या गालिच्यासारखी दिसायला लागते, डास भयंकर. त्यावरून जांभळी पाणकोंबडी लांब बोटं पसरून आरामात चालत जाते ते बघण्यासारखं असतं, पण डास पाच मिनिटांत चावून चावून पळवतात.

सांभाळून

कुत्री. टोळीनं मागे लागली की पळवू नका सायकल, त्यांना तोच खेळ वाटतो. उतरा, सायकल कुत्री आणि तुमच्या मधे धरा, आणि चालत राहा, बघू नका त्यांच्याकडे. दहातल्या नऊ वेळा हद्द संपली की गप्प बसतात.

संक्रांतीच्या आगेमागे, म्हणजे साधारण जानेवारी पूर्ण, गळ्याला रुमाल किंवा स्कार्फ घट्ट गुंडाळूनच निघा. नायलॉन मांजा दिसत नाही. घारी, वटवाघळं लटकलेली दिसतात ती त्यानंच.

उसाच्या पट्ट्यात, थेऊरच्या बाजूला, उजाडायच्या आत किंवा अंधार पडल्यावर शिरू नका. बिबट्या उसात राहतो, तिथेच पिल्लं घालतो, हे आता पुणे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. चौघी असाल तर बोलत जा, आणि उसाच्या कडेला खाली वाकून, बसून काही करू नका, बसलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना वाट द्या, दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागचीचा बेत पुढच्या ड्रायव्हरलाही माहीत नसतो.

नदीच्या पाण्याला हात लावू नका, खरचटलेलं असेल तर मुळीच नाही. खायच्या आधी बाटलीतल्या पाण्यानं आणि साबणानं हात. पोहे मी डब्यात नेते, पण उघडते परत रस्त्याला लागल्यावर.

आता परस

सायकल सुरू केल्यावर वर्षभरानं माझ्या लक्षात आलं की नदीवर जे बघायला मी तडफडत जाते त्यातले निम्मे आमच्या मागच्या दारी येऊनच जातात, फक्त मी तिकडे बघत नव्हते. धोबी पक्षी कवडीला बघितला आणि घरी आले तर तोच गच्चीवर टाकीच्या ओघळाशी शेपटी वरखाली करत. ऑक्टोबरात येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर जातात. इतकी वर्षं मी त्याला चिमणी समजत होते!

आमचं परस केवढं म्हणाल तर दोन खाटा मावतील एवढं. एक कढीपत्ता, एक लिंबू, पपई, जास्वंद, पानफुटीची कुंडी, कोपऱ्यात रुई आपोआप उगवलेली. याहून काही लागत नाही. कढीपत्त्यावर आणि लिंबावर फुलपाखरं अंडी घालतात, पानफुटीवर लाल-काळं छोटं रेड पिएरो, रुईवर नारिंगी प्लेन टायगर. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, म्हणजे नीलवंत, तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतं. २०१५ साली ते जाहीर झालं आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य, हे मी पाहुण्यांना न विचारता सांगते.

कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की औषध मारायच्या आधी पानाच्या वरच्या बाजूला नीट बघा. पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी चिकटलेलं असेल. ती अळी. तिला कोणी खाऊ नये म्हणून तसा वेश आहे. मोठी झाली की हिरवी होते. मग काडीनं हलकेच टोचून बघा (एकदाच, छळू नका), डोक्यामागून लालसर दोन फाट्यांचं ओलं शिंग एकदम बाहेर येतं आणि आंबट उग्र वास सुटतो, कढीपत्ता चुरगळून कशात तरी कुजवल्यासारखा. आमच्या अहोंनी टोचलं होतं, तीन पावलं मागे गेले ते. आता आमच्याकडे नियम असा की फोडणीला पानं खालच्या फांद्यांची, वरच्या त्यांच्या.

पाणी ठेवायचं तर मातीचं पसरट परळ घ्या, खोल भांडं नको, दोन इंचांपेक्षा जास्त पाणी नको, मधे एक खडबडीत दगड ठेवा म्हणजे बुलबुलला पाय टेकता येतो आणि मधमाश्या बुडत नाहीत. झाडाच्या जवळ ठेवा पण अगदी बुडाशी नाही, पाच-सहा फूट मोकळं हवं, नाहीतर शेजारच्या बोक्याची खानावळ होते. आणि पाणी रोज बदला, दोन दिवसांतून एकदा नारळाच्या शेंडीनं घासा. डासाचं अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवसांत होतं, तेव्हा आळस केलात तर पक्षी राहिले बाजूला, डेंग्यू पाळाल घरात. धान्य टाकू नका. धान्य टाकलं की कबुतरं येतात, आणि कबुतरं आली की बाकी सगळे जातात, वर त्यांच्या विष्ठेनं फुप्फुसाचा त्रास होतो तो वेगळा. त्यापेक्षा पपईची एक-दोन फळं झाडावर पिकू द्या. तांबट, बुलबुल, कोकिळा, खारी यांचं आपापसात ठरलेलं असतं.

रात्री पपई कोण खातं हा प्रश्न आमच्याकडे दोन महिने चालला. मग एकदा मागचं दार उघडलं तर वास आला, आंबेमोहोर भात शिजल्यासारखा, रात्री दीड वाजता. मला वाटलं कुकर कोण लावतंय. बॅटरी मारली तर भिंतीवर उदमांजर, लांब शेपूट, दोन डोळे चमकतायत, पाच सेकंद बघितलं आणि वायरवरून पलीकडे. वास त्याचाच असतो. घाबरायचं काही नाही, कोणाच्या वाट्याला जात नाही, फक्त छपराच्या फटीत पिल्लं घातली तर रात्री वर दाणदाण. अशा वेळी पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबायचं आणि मग फट बुजवायची. आधी बुजवलीत तर आई बाहेर आणि पिल्लं आत.

पावसाळ्यात गोगलगायी. त्या आपल्या नाहीत, आफ्रिकन, मुठीएवढ्या होतात, एका रात्रीत पपईचं रोप खलास. मीठ मातीवर टाकू नका, माती नासते. रात्री आठ-नऊला बॅटरी घेऊन जायचं, हातात ग्लोव्ह्ज (नुसत्या हातानं नाही, त्यांच्यात जंत असतात), उचलून खारट साबणाच्या पाण्याच्या बादलीत. वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण दुसरा उपाय जमला नाही. भारद्वाज काही खातो, त्याच्यासाठी तरी परसात कीटकनाशक मारू नका. आमचा भारद्वाज सकाळी तुळशीमागून पिशवी हरवलेल्या माणसासारखा चालत येतो, शेजारच्या काकू त्याला बघूनच परीक्षेला पाठवायच्या मुलांना.

साप

हे जरा नीट वाचा. नदीजवळ राहतो म्हणजे साप येणार, विशेषतः पूर आला की आणि पावसाळा लागला की. बहुतेक वेळा ती धामण किंवा दिवड असते, दोन्ही बिनविषारी, धामण उंदरांमागे येते आणि दिवड बेडकांमागे. विषारी लक्षात ठेवायचे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे ठिपके आणि आवाज कुकरच्या शिट्टीच्या आधी होतो तसा फुस्स, लांबच लांब. मण्यार रात्री फिरते आणि तिचा चावा कळतही नाही, म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या.

आमच्याकडे घोणस निघाली होती विटांच्या ढिगात, माझा हात वीतभर लांब होता. तेव्हापासून विटा, पालापाचोळा, जुन्या कुंड्या भिंतीला लागून ठेवत नाही आणि हात घालायच्या आधी काठी घालते. साप दिसला तर तीन-चार मीटर लांब थांबा, एकानं त्याच्यावर नुसती नजर ठेवा आणि दुसऱ्यानं फोन करा. वनविभागाचा १९२६, अग्निशमनचा १०१. मारू नका आणि स्वतः पकडायलाही जाऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात दोन्ही गुन्हे आहेत, शिवाय निम्मे चावे याच शौर्यात बसत असतील असं माझं आपलं मत. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी करकचून बांधायची नाही, मांत्रिक तर नाहीच. अंगठी-बांगडी काढा, तो हात-पाय फळी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलात, तिथे लस असते.

पिल्लू सापडलं तर

एप्रिल-मेमध्ये हा फोन मला दर आठवड्याला येतो. पिल्लाला पिसं असतील आणि ते टुणटुण उडत असेल तर ते हरवलेलं नाही, ते शिकतंय, आईबाप वरून बघतायत. मांजरापासून वाचवायला जवळच्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही हे खरं नाही. पिसंच नसतील आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, चोचीत पाणी ओतू नका (ते फुप्फुसात जातं), दूधपोळी भरवू नका, आणि १९२६ ला फोन.

माझ्या घरट्यात आत्ता दोन अंडी असावीत. मी आत बोट घालून बघितलेलं नाही, मोबाइलचा कॅमेराही लांबूनच, पण मादी आत बसते तेव्हा तिची चोच पडवीतून बाहेर दिसते आणि नर समोरच्या कपड्यांच्या दोरीवरून ओरडत राहतो. अंड्यातून बाहेर यायला साधारण दोन आठवडे, उडायला आणखी दोन. तोवर मागच्या पडवीत कपडे वाळत घालायचे नाहीत असं अहोंना सांगितलंय, ते म्हणाले मग माझे शर्ट कुठे, म्हटलं पुढच्या गॅलरीत, पुढची लाज जाऊ दे. पिल्लं उडाली तरी चार दिवस थांबेन, कधीकधी रात्री परत झोपायला येतात. मग वायर सोडवायची, ब्रेक शू बघायचे, चेनला तेल. गुडघा आता बराय.